प्रॉम्प्टरची वही

मामाच्या गावचा सांगावा पटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, आठ-दहा दिवस आधी यायचा. बाजाराला आलेला त्या गावचा कोणीतरी माणूस आमच्या ओसरीवर टेकायचा, गडवाभर पाणी प्यायचा आणि उठता उठता म्हणायचा, "बाई, दादानं सांगतलं. सोमवारी पट हाय, रातच्यानं नाटक हाय. लेकरायले घेऊन येजो."

माय त्यावर काही बोलायची नाही. चुलीतलं लाकूड पुढं सारायची, भाताचा गंज उतरवायची. पण दुसऱ्या दिवशी ट्रंकेतलं हिरव्या काठाचं लुगडं वळणीवर उन्हात दिसलं की आम्ही भावंडं समजून जायचो. वर्षभरात ते लुगडं दोनदाच बाहेर निघे. एकदा पोळ्याला आणि एकदा मामाच्या गावच्या नाटकाला.

आमचं गाव वैनगंगेच्या खोऱ्यात. देसाईगंजहून, म्हणजे आमच्या तोंडच्या वडशाहून, बंडीनं दोनेक तासांवर. 1982 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली वेगळा झाला होता, पण मी सांगते आहे त्या 1987 च्या जानेवारीत आमच्या घरी जिल्ह्याला अजून 'चांदा'च म्हणत. मी चौथीत होते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होता. इथं जसा धानाचा हंगाम असतो तसा नाटकाचाही असतो. दिवाळीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागली की तो सुरू होतो आणि होळीच्या आसपास थांबतो. त्या दिवसांत धान कापून, चुरून घरात आलेला असतो, हातात चार पैसे असतात आणि बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, रिकाम्या असतात. आमच्याकडे नाटकाला रिकामी बांधीच लागते. का, ते पुढं सांगते.

त्या हिवाळ्यात मी घरात फार कमी बोलत होते. शाळेत एक गोष्ट झाली होती. धडा मोठ्यानं वाचताना मी 'पाणी'ला 'पानी' म्हटलं आणि 'डोळे'ला 'डोरे'. गुरुजी बाहेरगावचे होते. त्यांनी मला उभं केलं, तो शब्द पाच वेळा म्हणायला लावला, पाचही वेळा माझ्या तोंडून 'पानी'च आलं. वर्ग हसला. हसणाऱ्यांतल्या एकालाही तो शब्द माझ्यापेक्षा वेगळा म्हणता आला नसता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मग पाटीच्या दोन्ही बाजूंना 'पाणी' लिही, पुसून परत लिही, असं शंभर वेळा. लिहिताना चूक होत नव्हती. हातानं 'ण' काढता येत होता, जिभेला येत नव्हता. त्या दिवसापासून मी शाळेत तहान लागली तरी पाणी मागत नसे, आणि घरीसुद्धा बोलण्याआधी शब्द तोंडात फिरवून बघत असे. आजीनं विचारलं, "पोट्टी मुकी झाली का वो?" माय म्हणाली, "थंडीनं होत असन."

नाटकाला निघायच्या आदल्या रात्री मायनं तेलात वडे तळले. लसूण-मिरचीची चटणी वाटली, मुर्रा आणि भाजलेल्या फल्ल्या फडक्यात बांधल्या. बंडीत गुडघाभर तनस अंथरली, तिच्यावर चवाळं, त्याच्यावर वाकळ. पहाटे चारला बैल जुंपले. बाबा धुरेवर, आम्ही तिघं भावंडं मायच्या पदराला लागून मध्ये. गावातल्या पाच-सहा बंड्या एका मागं एक निघायच्या. वाट जंगलाच्या कडेनं जात होती आणि एकट्या बंडीनं त्या वाटेनं अंधारात कोणी जात नसे. पुढच्या बंडीच्या जूला कंदील टांगलेला असायचा. बैलांच्या गळ्यातल्या घाट्यांच्या आवाजावर मी झोपत होते आणि चाक गोट्यावर चढलं की जागी होत होते.

मागं राहायची ती आजी. गोठ्यात दोन गाई आणि एक म्हैस होती, त्यांना कोण बघणार? आजी दरवर्षी म्हणायची, "तुमी जा, मले येऊन सांगजा." आम्ही परत आलो की ती सगळं नाटक अथपासून इतिपर्यंत ऐकायची. सांगायचं काम नेहमी माझ्या मोठ्या भावाकडे असे.

मामाच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पटाच्या दिवशी त्या गावात एका घरी वीस-पंचवीस पाहुणे म्हणजे काहीच नाही. जवाई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे. मामी आणि शेजारच्या तिघी-चौघी जणी मिळून तीन दगडांच्या चुलीवर भात उतरवत होत्या. माय लुगड्याचा पदर खोचून त्यांच्यात गेली आणि संध्याकाळपर्यंत काही मला दिसली नाही. पट मी फार पाहिला नाही. धुरळा, आरोळ्या, जोडी सुटली की सगळ्या गर्दीचं एका बाजूला वळणारं तोंड, एवढंच लक्षात आहे. माझ्या भावांना मात्र कोणत्या गावच्या जोडीनं किती सेकंद घेतले ते तोंडपाठ असायचं.

आमचं काम दुपारी तीनला सुरू झालं. जागा धरायचं.

मामाच्या गावचं नाट्यगृह गावाबाहेरच्या एका बांधीत होतं. मामा मंडळात होता, त्यामुळे ते कसं तयार होतं ते मी दोन-तीन वर्षं पाहिलेलं. बांधीतली माती उतरती खणत न्यायची, मागं उथळ आणि पुढं खोल. निघालेली माती पुढं टाकून, चोपून रंगमंचाचा ओटा करायचा. म्हणजे बघणारा माणूस उतारावर बसतो आणि पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येत नाही. ओट्याच्या अगदी समोर आणखी एक खड्डा, चार माणसं मांडी घालून बसतील एवढा. तो वाजवणाऱ्यांचा. भोवती बल्ल्या रोवून कनाती आणि टिनाचे पत्रे लावायचे. एका बाजूला गडीमाणसांचं दार, दुसऱ्या बाजूला बायांचं. पावसाळा आला की तीच बांधी परत नीट करून रोवणी व्हायची. मी पुढं शहरात मोठमोठी सभागृहं पाहिली. उतारावर खुर्च्या लावलेल्या पाहिल्या की मला मामाची बांधी आठवते. कुदळ-फावड्यानं, कोणत्याही नकाशाशिवाय, गावच्या माणसांनी तेच साधलेलं होतं.

आम्ही पोरांनी बोरे आणि चटया नेऊन अगदी पुढं, वादकांच्या खड्ड्याला लागून अंथरल्या. चटईच्या चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली. मग पाळीपाळीनं तिथं बसून राहायचं. पत्र्याच्या फटीतून आम्हाला वडशाहून आलेली मेटॅडोर दिसली. पडदे, पेट्या, लाकडी खांब उतरवले गेले. झाडीपट्टीतल्या नाटक मंडळ्यांचं ठिकाण म्हणजे वडसा. गावचं मंडळ तिथं जाऊन नाटक ठरवतं, विसार देतं, तारीख बांधून घेतं. पूर्वी गावातलेच लोक पाठांतर करून नाटक बसवत, फक्त स्त्रीपात्रं बाहेरून आणत. माझ्या आबाजीनं तरुणपणी तशा नाटकात काम केलं होतं म्हणे. तिकिटांतून खर्च निघाला आणि वर चार पैसे राहिले तर देवळाला, शाळेला, नाही राहिले तर मंडळातल्या माणसांनी आपल्या घरचं धान विकून भरायचे. मामानं एका वर्षी तसे भरले होते. मामी त्यावर बरीच बोलली, आणि पुढच्या वर्षी परत पाहुण्यांसाठी तांदूळ काढून ठेवला.

रात्री नऊला दार उघडलं. खाली बसायचं तिकीट आणि खुर्चीचं तिकीट वेगळं होतं. आम्ही खालीच बसत असू. मायनं तोंड धुऊन, केस बसवून हिरव्या काठाचं लुगडं नेसलं होतं. दिवसभर चुलीपुढं होती तरी तिच्या अंगाला तेव्हा फक्त पावडरचा वास येत होता. ती चटईवर बसली, आम्हाला वाकळेत गुंडाळलं आणि हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहिली. पडदा अजून उघडायचा होता. रिकाम्या हातानं नुसती बसलेली माय मी क्वचितच पाहिली आहे.

आधी उद्घाटन. भाषणं, हारतुरे, अमक्यानं मंडळाला दिलेले अकरा रुपये, तमक्याचे एकवीस. ते चालू असताना गारठा मातीतून वर येऊ लागला. जनरेटर बाहेर धडधडत होता. अकराच्या पुढं कधीतरी पेटी आणि तबला लागला, नांदी झाली आणि पडदा वर गेला. मागं वाड्याचा पडदा होता. रंगवलेले खांब, रंगवलेली तुळस, रंगवलेल्या खिडकीतून दिसणारा डोंगर. आमच्याकडे असले वाडे मालगुजारांचे असत. मी एकच पाहिला होता, तोही बाहेरून.

खड्ड्यात वादकांच्या बाजूला एक माणूस बसला होता. मफलर कानाला गुंडाळलेला, मांडीवर लांब जाड वही, हातात बॅटरी. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. नट आत आला आणि बोलायच्या आधी तेच वाक्य मला खालून, हळू आवाजात ऐकू आलं. "दादा, या घराच्या मातीत माझा घाम मुरला आहे." मग तेच वाक्य वरून, छातीतून, लटकत्या माइकातून, सगळ्या बांधीला पुरेल एवढ्या आवाजात. मी दचकले. परत खालून एक वाक्य, परत वरून तेच. मी मायला हलवून सांगितलं. ती म्हणाली, "प्रॉम्प्टर हाय तो. चूप बस."

या नटांना एकत्र तालमी करायला वेळ मिळत नाही. आज या गावी, उद्या त्या गावी, दिवसा झोप आणि प्रवास, रात्री नाटक. हंगामात हे रोज चालतं. म्हणून प्रॉम्प्टरशिवाय झाडीपट्टीचं नाटक उभं राहत नाही. हे मला पुढं समजलं. तेव्हा मात्र मला एवढंच दिसत होतं की सगळं बोलणं त्या वहीत आहे. राजबिंडा धाकटा भाऊ जे बोलतो ते वहीत, कपटी सावकार बोलतो ते वहीत, शहरातून लग्न होऊन आलेली सून बोलते ते वहीत. आणि वहीतली सगळी माणसं गुरुजींसारखी बोलतात. 'पाणी' म्हणतात, 'डोळे' म्हणतात. मला त्यात काही नवल वाटलं नाही. वहीतली भाषा तशीच असते, हे मी पाटीवर शंभर वेळा लिहून शिकले होते.

मग गोमा आला. वाड्यावरचा गडी. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला लाल दुपट्टा, खांद्यावर फाटकी घोंगडी. तो नुसता आत येऊन उभा राहिला तरी बांधी हसायला लागली. शहरातली सून म्हणाली, "गोमाजी, जरा पाणी आणा." गोमा म्हणाला, "पानी?" सून म्हणाली, "पानी नाही, पाणी. ण."

माझ्या पोटात गोळा आला. मी वाकळ नाकापर्यंत ओढली.

गोमा प्रयत्न करायला लागला. जीभ बाहेर काढली, आत ओढली, टाळूला लावली, बोटानं वर ढकलली. "पा... पान... पाड... पाल..." दर वेळी सून मान हलवायची. मागं माणसं पोट धरून हसत होती. मला हसू येत नव्हतं. मी खाली प्रॉम्प्टरकडे पाहिलं. आता तो याला सांगेल, वहीत बघून सांगेल, असं वाटत होतं. तर त्यानं वही मिटली होती. बोट तेवढं पानात खूण म्हणून ठेवलेलं, बॅटरी विझवलेली, आणि मान वर करून तो गोमाकडे बघत हसत होता. गोमाला सांगायचं त्याच्याजवळ काही नव्हतं. गोमा थांबला, दुपट्ट्यानं घाम पुसला आणि फार साध्या आवाजात म्हणाला, "बाईसाहेब, पानी मनलं तर तहान नाई भागत का वो?"

जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. शिट्ट्या झाल्या, टोप्या उडाल्या, कोणीतरी "वन्स मोअर" ओरडलं, आणि माझी माय, जी घरात पाहुण्यांपुढं तोंड उघडत नसे, ती मोठ्यानं हसली. मान मागं टाकून. मला तिचे सगळे दात दिसले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. पाटीचं तिला कोणी सांगितलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. तिनं वाकळेतून माझा हात शोधून काढला आणि धरून ठेवला.

गोमानं ते वाक्य परत म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्यात आणखी काहीतरी घातलं, वैनगंगेच्या पान्याचं, बोडीतल्या पान्याचं. तेही वहीत नव्हतं. तो जितका वेळ रंगमंचावर होता, तितका वेळ वही मिटलेली होती.

मोठी झाल्यावर मला कळलं की यात चूक कोणाचीच नव्हती. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आमच्या झाडीबोलीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचं वाचताना समजलं की झाडीबोलीत ण, ळ, छ, श आणि ष हे वर्णच नाहीत. 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र', 'छत्री'ची 'सत्री'. ती एक नेमानं चालणारी बोली आहे, आणि माझी जीभ त्या नेमानं चालत होती. हे चौथीच्या वर्गात कोणी सांगितलं असतं तर माझे कितीतरी महिने वाचले असते. आजही माझ्या भागातली लेकरं त्याच कारणानं वर्गात हसण्यावारी जातात. मला ते सहन होत नाही.

2023 साली कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. झाडीपट्टी रंगभूमीवर विनोदी भूमिकांनी नावाजलेले नट. मी मायला फोन केला. ती आता फारसं कुठं जात नाही. बातमी ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "दिल्लीत गेले तरी तसेच बोलले असतीन ना, आपल्यासारके?" तिला पुरस्कारापेक्षा तेवढंच विचारायचं होतं.

मामाच्या गावी मी अजून जाते. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि पुढं 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळेपर्यंत तिथं पट भरला नाही. पण त्या सगळ्या वर्षांत नाटक ठरल्या तारखेला झालं, पाहुणे आले, मामेभावाच्या बायकोनं तेवढाच भात शिजवला. आता प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, रंगीत लाइट असतात. प्रवेशांच्या मध्ये नाच फार वाढला आहे आणि नाटक आकसत चाललं आहे, याचं मला वाईट वाटतं. नाच पूर्वीही होता. त्या रात्रीही एक मुलगी नाचली होती. मागं गडीमाणसं शिट्ट्या मारत होती आणि माय एवढंच म्हणाली होती, "एवढ्या थंडीत बिचारीच्या पायात काई नाई." पुढच्या अंकात तीच मुलगी थोरल्या वहिनीची विधवा बहीण होऊन आली आणि तिनं म्हटलेल्या पदानं बायांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले.

दोन-अडीचला माझा धाकटा भाऊ झोपला, मग मोठाही. दर वर्षी मीसुद्धा याच सुमाराला झोपत असे. शेवटचा अंक मी तोवर कधी पाहिला नव्हता. त्या रात्री मला झोप येईना. गोमा परत कधी येतो याची मी वाट पाहत होते. कनातीबाहेर तनशीच्या शेकोट्या पेटल्या होत्या. मामा पितळी किटलीतून चहा घेऊन आला, एक कप प्रॉम्प्टरला दिला. त्यानं बशीत ओतून पिताना वहीवर एक थेंब सांडला आणि तो बाहीनं टिपला. त्याचा आवाज बसत चालला होता. नट मात्र त्या बसलेल्या आवाजातून वाक्य उचलून तसंच छातीतून फेकत होते.

शेवटच्या अंकात वाडा सावकाराच्या ताब्यात गेला. थोरला भाऊ वेडा झाला, धाकटा घर सोडून गेला. वाड्याचा पडदा गुंडाळला गेला आणि जंगलाचा पडदा खाली आला. गोमा सुनेचं तान्हं बाळ घोंगडीत गुंडाळून एकटा चालला होता. त्याच्या पुढं माइक, मागं रंगवलेली सागाची झाडं. सगळे आता हसायच्या तयारीनं बसले होते, आणि तो बाळाशी बोलू लागला. "नोको रडू गा राजा. तुह्या आबाजीनं मले याच वाटेनं आनलं होतं. मी बी असाच रडत होतो." आमच्या बोलीत. न आणि र घेऊन. एकही माणूस हसला नाही. वादकांच्या खड्ड्यात प्रॉम्प्टरनं परत वही मिटली होती, आणि मफलरच्या टोकानं नाक पुसत होता. माय रडत होती. मीही रडले. मला रडताना मोकळं वाटलं, कारण त्या बोलीत आम्ही घरी रडतच होतो.

भैरवी झाली तेव्हा कनातीच्या वर आभाळ पांढरं व्हायला लागलं होतं. माणसं अंग झाडत उठली. चटयांवर दव पडलं होतं. मामीकडे चहा पिऊन, वाटेसाठी शिंगाडे बांधून घेऊन आम्ही सूर्य वर यायच्या आत बंडीत बसलो. भाऊ दोघंही तनशीत गाढ झोपले. बाबा पेंगत होते, बैल आपल्या मनानं चालले होते. दोन्ही बाजूंना बांध्यांत धानाच्या कडपाखाली उगवलेली लाखोळी निळी फुलली होती. जंगल संपलं तेव्हा मायनं विचारलं, "तहान लागली का वो?"

मी म्हटलं, "पानी दे."

तिनं गडवा दिला.

घरी आजी दारातच बसली होती. गाई सोडून, सडा टाकून मोकळी झालेली. मोठा भाऊ डोळे चोळत उतरला आणि सरळ आत जाऊन झोपला. नाटकाचा अर्धा भाग त्यानं पाहिलाच नव्हता. आजीनं मायकडे पाहिलं, मायनं माझ्याकडे बोट दाखवलं.

मी आजीपुढं उकिडवी बसले आणि सांगायला लागले. नाटकातला धाकटा भाऊ आला तसं मी हळू आवाजात त्याचं वाक्य म्हटलं आणि मग तेच मोठ्यानं, जसं मी ऐकलं होतं तसं. सावकाराचंही तसंच. वाक्यं अडखळत होती, काही विसरली होती. आजी मान हलवत ऐकत होती. मग गोमा आला, आणि त्याचं मी एकदाच म्हटलं, मोठ्यानंच. पाणी मागायचं, जीभ वळवायचं, तहान भागायचं, सगळं. आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. माय आतून गडवा घेऊन धावली.

आजीनं घोट घेतला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "हो, ते सावकाराचं राहू दे. गोमाचं अजून एकडाव सांग."